पार्किंगच्या मापाचा मांजरपाट

१८ मे

आज अमरावतीच्या भर चौकात जुन्या गाडीने माझी अब्रू काढली. सिग्नल सुटला, मी क्लच सोडला, गाडीने दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद. मागे एक वरात होती. बँडवाले वाजवायचं थांबवून माझ्याकडे बघू लागले, याहून जास्त काय व्हायचं राहिलं?

शेजारी त्रिशला, माझी बायको. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसावं हे तिला कळलेलं नाही. "क्लच पुरता दाबल्या नाई गेला तुमच्यानं," म्हणाली.

"पुरता दाबला होता. प्लेट गेली त्याची."

"प्लेट तर संक्रांतीले बदलली."

मेकॅनिक सगळे चोर असतात, एवढंच मी म्हणालो. मग उचक्या खात खात आमचं कारंजा गाठलं.

घरी आल्यावर ठरवून टाकलं. गाडी बदलायची, आणि या वेळी बिनक्लचची, ऑटोमॅटिक घ्यायची. दिवाळीनंतर टीना, आमची एकुलती मुलगी, नागपुरात बाळंत होणार आहे. जावई नवीनराव पाळीची नोकरी करतात, त्यांचा दिवस कधी आणि रात्र कधी हे त्यांनाही माहीत नसतं. ऐन वेळी तिला दवाखान्यात कोण नेणार? मी शब्द दिला आहे. दिवाळी झाली की येऊन राहीन, गाडी खाली लावून ठेवीन आणि तू हाक मारशील तेव्हा मीच नेईन. नागपूरच्या गर्दीत क्लच दाबून दाबून माणसाचा डावा पाय निकामी होतो. माझा तर हल्ली गादीवर बसूनसुद्धा थकल्यासारखा असतो. हे वयामुळे नाही, जुन्या गाडीमुळे आहे.

२२ मे

घरात माणसं दोन आणि गाडीवर मतं तीन. नवीनराव फोनवर म्हणतात, उंच गाडी घ्या, खड्डे लागत नाहीत. त्रिशला म्हणते, लहान घ्या, "मांगं शेपूट नसलेली". मी म्हणतो सेडान. उंच गाडीत पोटुशी पोर चढणार कशी? आणि खरं सांगायचं तर उंच पायरीवर हल्ली मलाही खाली बघूनच पाय ठेवावा लागतो. शिवाय डिकी पाहिजे. शेवया, पापड, डिंकाचे लाडू, बाळाच्या गोधड्या, हे सगळं काय मांडीवर घेऊन जायचं?

आणखी एक कारण आहे. कापडाच्या दुकानासमोर लांब गाडी उभी असली की दुकानदार बरा दिसतो. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिलं.

अडचण एकच, टीनाच्या अपार्टमेंटचं पार्किंग. तळघर, एका अंगाला खांब, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची गाडी. टीना म्हणाली, "पप्पा, तठी लहान गाडीलेच घाम फुटते."

२६ मे

नवीनरावांनी पार्किंगचं माप पाठवलं. आकड्यातलं माप मला दिसत नाही, मला कापडातलं दिसतं. दुकानात मांजरपाटाचं ठाण उलगडलं, पट्टे शिवून जोडून घेतले आणि बरोबर त्या जागेएवढा तुकडा तयार केला. खांब जिथे येतो तिथे निळ्या खडूने चौकोन काढला. आता शोरूमवाला काही का सांगेना, गाडी या कापडात बसली तर आपली, नाही तर जय जिनेंद्र.

तेवढ्यात दौलतसिंग आला. हा कारंजा-कामरगाव जीप चालवतो. माझं जुनं गिऱ्हाईक आणि त्याहून जुना टवाळ. कापड बघून म्हणाला, "शेठ, गाडीले कफन शिवून राह्यले काय?"

त्याला चहा सांगितला नाही.

१ जून, रविवार

अमरावतीला शोरूम पाहिले. प्रत्येक ठिकाणी आवारात मांजरपाट पसरला आणि गाडी त्यावर लावून दाखवा म्हटलं. पहिल्या ठिकाणी मॅनेजर हसला. दुसऱ्या ठिकाणी हसले नाहीत, पण गाडीची शेपटी कापडाबाहेर गेली. तिथल्याच एका गाडीत गिअर आपोआप बदलत होते खरे, पण प्रत्येक वेळी आपल्या माना हलत होत्या, जणू गाडी विचारते आहे, बदलू का?

तिसरी पसंत पडली. करड्या रंगाची. गिअर बदलल्याचं कळतसुद्धा नाही, कमी जागेत वळते, मागचं सगळं पडद्यावर दिसतं आणि काही जवळ आलं की टूं टूं करते. मांजरपाटावर अशी बसली की चारी बाजूंनी काठ दिसत राहिला.

दाखवणारी मुलगी हुशार होती. म्हणाली, "सर, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानं. डाव्या पायाला पूर्ण विश्रांती."

त्रिशलाने हे वाक्य तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "आन् डावा पाय चुकून ब्रेकवर गेला तं?"

"जातो ना मॅडम, ज्यांना क्लचची सवय असते त्यांचा जातो. ब्रेकचा पट्टा रुंद असतो. पण पाय कुठे आहे ते आपल्याला कळतंच ना."

त्रिशला माझ्याकडे बघत राहिली. बायकांना शोरूममध्ये नको त्या शंका येतात. नंतर ती चालवायच्या सीटवर जाऊन बसली, खांब कुठून दिसेल ते बघायला म्हणे. चांगली बराच वेळ बसली होती. शेवटी मीच उठवली.

९ जून

मंदिरातून माझी चप्पल चोरीला गेली. तीही एकच, डावी! दर्शन घेऊन निघालो, घरी पोचलो, ओट्यावर पाय धुवायला गेलो तर डाव्या पायात चप्पल नाही. चोर लंगडा असला पाहिजे. मंदिराच्या ट्रस्टींना फोन करून चांगलं सुनावलं.

संध्याकाळी दौलतसिंग चप्पल घेऊन आला. म्हणाला, "शेठ, ही बाजाराच्या रस्त्यावर पडून होती. तुमचीच ना?"

म्हणजे चोराने वाटेत टाकली. असे चोर.

त्रिशलाने चप्पल हातात घेतली, आत-बाहेर बघितली आणि मला विचारलं, "अनवाणी पायाले रस्ता लागला नाई तुमाले? ऊन केवढं होतं."

मी म्हटलं, माणूस णमोकार मंत्र म्हणत चालला की त्याला ऊन लागत नाही. ती रात्रीच्या गोळ्या घेतल्या का, हे मात्र दिवसाउजेडीच विचारायला लागली आहे. साखर सगळ्यांनाच असते.

१६ जून

गाडी आली. बॉनेटवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक काढलं, मंदिरापर्यंत नेली, चातुर्मासासाठी आलेल्या साध्वी माताजींच्या निवासापाशी थांबवली, मग गावातून एक चक्कर. दुकानासमोर उभी केली तेव्हा समोरचा सराफसुद्धा गल्ला सोडून बाहेर आला. आज मला बरं वाटतं आहे. पुष्कळ दिवसांनी असं नुसतं बरं वाटलं.

एकच तक्रार. गाडी ओढत नाही. दाबलं तरी जड जाते, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी. नवीन आहे, मोकळी होईल.

२७ जून, शुक्रवार

आज जे झालं ते लिहू की नको, असं झालं होतं. लिहितो.

दुकानाच्या बाजूची बोळ तुम्ही बघितली तर (तुम्ही म्हणजे कोण? ही वही कोण वाचणार आहे?) टीनाच्या पार्किंगसारखीच आहे. एका अंगाला आमची भिंत, दुसऱ्या अंगाला विजेचा खांब. म्हटलं नागपूरची तालीम इथेच करू. गाडी आत घातली. निम्मी गेली आणि अडली. ॲक्सिलरेटर दिला, इंजिन ओरडलं, गाडी जागची हलेना. आणखी दिला. मग एकाएकी सुटली आणि उडी मारून खांब आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन पुन्हा गच्च थांबली. उजवं दार भिंतीला, डावं खांबाला. पुढे जाईना, मागे येईना, दार उघडेना. टूं टूं थांबेना.

बघता बघता गर्दी. दौलतसिंग पुढे. "शेठ, ब्रेक सोडा! मांगचा लाल दिवा पेटूनच राह्यला!"

"सोडला आहे!" मी काचेतून ओरडलो. "माझा उजवा पाय हवेत आहे, पाहा!"

"मंग न्यूट्रल करा, आमी ढकलतो!"

केलं. पाच-सहा जण ढकलू लागले. गाडी तसूभर हलली नाही. दौलतसिंग म्हणाला, "लाल दिवा विझत नाई अजून. आतमंदी काय करून राह्यले हो तुमी?" लोक हसले. सूर्य कलायला लागला होता. सूर्यास्तानंतर मी खात नाही, म्हणजे आज उपास घडणार हे दिसू लागलं. पण भुकेचं नव्हतं. पुढून-मागून माणसं, सगळी काचेतून आत बघणारी, आणि मी माझ्याच गाडीत कोंडलेला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी यातून बाहेर येणार नाही.

मग त्रिशला आली. कोणीतरी निरोप दिला असणार. ती खांबाशेजारच्या काचेशी आली, माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, वाकून खाली पायांकडे बघितलं. बराच वेळ बघत होती. मग एकदम हळू, जसं टीनाला लहानपणी झोपेतून उठवायची, तसं म्हणाली, "अहो, दोन्ही पाय वर घ्या. सीटवर. सामायिकाले बसता ना, तशी मांडी घाला."

इतक्या लोकांसमोर मांडी घालून बसलो. डावा पाय हाताने ओढून घ्यावा लागला, जागा कमी होती. आणि काय चमत्कार, लाल दिवा विझला आणि गाडी आपसूक मागे सरकली! म्हणजे ब्रेकच आत अडकला होता. उद्या शोरूमवाल्याला धारेवर धरतो.

१ जुलै

शोरूमची माणसं येऊन गेली. म्हणतात, ब्रेकमध्ये दोष नाही. मेकॅनिक चोर असतात हे मी आधीच लिहिलं आहे.

१३ जुलै, रविवार

आज माझ्याच बायकोने मला बांधून टाकलं, तेही साऱ्या समाजासमोर. मला एवढा राग आला आहे की अक्षर नीट येत नाही.

यंदा आर्यिका माताजींचा चातुर्मास आमच्या गावात आहे. कलशस्थापनेनंतर रीतीप्रमाणे एकेक जण उठून चार महिन्यांचा नियम घेतो. कोणी गूळ सोडतं, कोणी हिरवी भाजी, कोणी एकभुक्त राहतं. आमच्या घरची पद्धत अशी की नियम त्रिशला बोलते आणि मी शेजारी उभा राहून हात जोडतो. ती निवडते, मी पाळतो. मागच्या वर्षी वांगं होतं, त्याआधी दही. मला त्यात कधी डोकं घालावं लागलं नाही आणि कधी फार त्रासही झाला नाही.

आजही ती उठली, मी उठलो, हात जोडले, डोळे मिटले. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "माताजी, माझा गोडाचा त्याग. आन् यांचा वाहनाचा त्याग. दिवाळीपर्यंत कोणतंच वाहन स्वतः चालवणार नाई."

मी डोळे उघडेपर्यंत माताजींची मोरपिसांची पिच्छी वर झाली होती, आशीर्वाद मिळाला होता, आणि मागून कोणीतरी "धन्य, धन्य" म्हणालं होतं. नवी कोरी गाडी दारात आणि एवढा मोठा त्याग! मंडपातल्या निम्म्या लोकांनी माझ्या पायांना हात लावला. मी काय बोलणार होतो?

घरी आल्यावर विचारलं, "काहून केलं हे?"

"धर्मासाठी केलं," म्हणाली. "आन् पायाले तेवढाच आराम."

कोणाच्या पायाला कशाचा आराम? गाडीत डाव्या पायाला काही कामच नसतं, म्हणून तर ती घेतली. हे तिला कोण समजावणार.

१६ जुलै

माताजींकडे जाऊन आलो. अगदी नम्रपणे विचारलं की गाडी नुसती मागे घेणं हे चालवणं धरतात का. बोळीतून दारात आणण्यापुरतं?

माताजी हसल्या. "नियम तुमचा आहे, जिनदासजी. माप पण तुमचंच. कापड विकता ना तुम्ही? तिथे बोटभर कमी मोजता का?"

मी कधीच कमी मोजलेलं नाही. तोच तर घोळ झाला.

२ ऑगस्ट

दुकान, घर, मंदिर. मंदिर, घर, दुकान. पूर्वीही असंच होतं, पण तेव्हा मनात आलं की किल्ली फिरवून निघता येत होतं. आता गल्ल्यावर बसलं की समोर गाडी दिसते आणि मी इथून ती बघतो. मी अडकलो आहे. एवढ्या धडधाकट माणसाने असं लिहायची लाज वाटते, पण अडकलो आहे. ज्याला कोंडलं त्याला निदान दारावर धडका तरी मारता येतात. मला लोक नमस्कार करून जातात.

टीनाचा फोन आला. "पप्पा, दिवाळी झाल्यावर तुमी येऊन राह्यले ना? नवीनचं काही खरं नाई. तुमी असले की मले भेव वाटत नाई."

"पाडव्यानंतर लगेच," मी म्हटलं. "नियम संपला की किल्ली माझी."

त्रिशला तिथेच लसूण निवडावा तसा मूग निवडत बसली होती (लसूण आमच्याकडे येत नाही, पण हात तसेच चालत होते). निवडलेले मूग तिने पुन्हा ताटात ओतून निवडायला घेतले.

१० ऑगस्ट

गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरते, म्हणून त्रिशलाने रेणूला बोलावलं. रेणू ही दौलतसिंगची सून, गावात बायकांना गाडी शिकवते. ती रोज सकाळी येऊन आमची गाडी कामरगावच्या रस्त्याला फिरवून आणते. त्रिशला सोबत जाते. परक्या बाईच्या हाती नवी गाडी एकटी कशी द्यायची, म्हणते. हे मात्र शहाणपणाचं बोलली.

२४ ऑगस्ट

गच्चीवर मांजरपाट वाळत होता. पार्किंगच्या मापाचा, माझाच. धुतलेला होता तरी दोन्ही काठांनी टायरचे काळे पट्टे उठलेले. निळ्या चौकोनावरूनही एक पट्टा गेला होता, म्हणजे खरा खांब असता तर गाडी फुटली असती.

"हे काय?" म्हटलं.

"रेणूच्या बायका शिकून राह्यल्या त्याच्यावर," त्रिशला म्हणाली. "चुकतात पहिल्यानं."

दुसऱ्याचं कापड वापरायला लोकांना काही वाटत नाही. मी म्हटलं, त्या बायांना सांग, मागचा पडदा बघत बसू नका, आरसा बघा. खांब आरशात आधी दिसतो. ती म्हणाली सांगते. मग पुन्हा विचारलं, "डाव्या आरशात का उजव्या?" मी नीट समजावून सांगितलं. चांगलं लक्ष देऊन ऐकत होती.

८ सप्टेंबर

दशलक्षण पर्व झालं, आज क्षमावाणी. सकाळपासून सगळे एकमेकांना हात जोडून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागत आहेत. ज्या ट्रस्टींना मी चपलेवरून सुनावलं होतं त्यांचीही मागितली.

त्रिशला नेहमीचं वाक्य म्हणाली, "कळत-नकळत काही चुकलं असन तं उत्तम क्षमा." मग थांबली. म्हणाली, "आन् कळून केलं, त्याची पन."

"कळून काय केलं तू?"

"तुमी क्षमा करा, बस."

केली. भाजीत मीठ जास्त पडतं त्याबद्दल असेल. पण तिचे डोळे भरले होते, मिठासाठी कोणी एवढं रडत नाही.

५ ऑक्टोबर

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्याखाली पायाने गाडी चालवून बघतो. उजवा पाय दाबायचा, सोडायचा. सवय मोडू नये म्हणून. आज नोकरबाई रामीबाई झाडू मारत होती. म्हणाली, "शेठ, डावा पाय उचला, झाडूवर हाय."

खाली बघितलं. खरंच, डावा पाय झाडूवर होता. मी तो तिथे कधी ठेवला?

जुन्या सवयी असतात माणसाच्या.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. महावीर निर्वाण दिन

आज नियम सुटायचा दिवस. पहाटेच आंघोळ करून धोतर नेसलो, किल्ली आधीच काढून देव्हाऱ्यापाशी ठेवली होती. निर्वाणलाडू चढवायला मंदिरात गर्दी होती. मी अभिषेकाला उभा राहिलो, मग प्रदक्षिणा घातली. उजाडायला लागलं तसं लक्षात आलं की पांढऱ्या फरशीवर जागोजागी तांबडे डाग आहेत.

माझा पारा चढला. आजच्या दिवशी फरशीवर कुंकू सांडायचं? "हे कोणी केलं?" मी ओरडलो. "डोळे नाहीत का कोणाला?" सगळे खाली बघू लागले. डाग प्रदक्षिणेच्या वाटेने गेले होते, एकामागे एक, अंतर सारखं. आणि सगळे एकाच पायाचे. डाव्या.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? लंगडा चोर. देवाशपथ, तेच आलं. मग मी डाग बघत बघत मागे गेलो आणि फिरून माझ्याच धोतरापाशी येऊन थांबलो. तळपायात फुटलेल्या पणतीचा तुकडा बोटभर आत गेलेला होता. रक्त वाहत होतं, आणि मला काहीच होत नव्हतं. दुखत नव्हतं, टोचत नव्हतं. तो पाय दुसऱ्याचा असावा तसा मी त्याच्याकडे बघत होतो.

त्या एका क्षणात सगळं आलं. रस्त्यात पडलेली चप्पल, झाडू, संक्रांतीला बदललेली क्लचप्लेट, बोळीत न विझणारा लाल दिवा. ब्रेक अडकला नव्हता. त्यावर माझा पाय होता, आणि मला ठाऊक नव्हतं. याच पायाने मी टीनाला, तिच्या पोटातल्या जिवासकट, नागपूरच्या गर्दीतून नेणार होतो.

बायकांच्या बाजूने त्रिशला उठून आली होती. हातात तिने पांढऱ्या कापडाची पट्टी आणली होती. पट्टी कोणी असं सोबत घेऊन मंदिरात येतं का? ती चार महिने घेऊनच येत असणार. माझ्या पायाशी बसली आणि तुकडा काढून बांधू लागली.

माताजी म्हणाल्या, "ज्यांचे नियम आज पूर्ण झाले त्यांनी सांगा, म्हणजे सोडवून देते."

एकेक जण उठला. गूळ सुटला, भाज्या सुटल्या. माझी पाळी आली तेव्हा त्रिशलाचे हात थांबले. तिने मान वर केली नाही. या वेळी ती माझ्या वतीने काही बोलणार नव्हती. मी हात जोडले, डोळे उघडे ठेवले आणि स्वतःच्या तोंडाने म्हणालो, "वाहन चालवण्याचा त्याग. आजन्म."

मागून पुन्हा कोणीतरी "धन्य" म्हणालं. त्याला गप्प कर म्हणावंसं वाटलं.

२२ ऑक्टोबर

डॉक्टरने पायाला सुई टोचून बघितली, थरथरणारा लोखंडी चिमटा लावून बघितला. डाव्यात घोट्यापर्यंत काही नाही, उजवा अजून बरा आहे. साखरेने नसा गेल्या म्हणतात. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळायचं.

त्रिशलाला विचारलं, "तुले कधीपासून माहीत?"

"चप्पल हरवली तवापासून शक होता. बोळीत पक्कं झालं."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी म्हटलं असतं, डॉक्टर चोर हायेत."

मला रडू आलं. रागाने नाही, टीनाच्या शब्दासाठी. मी असलो की तिला भेव वाटत नाही, असं ती म्हणाली होती, आणि मीच खरं भेव होतो. आता तिला काय सांगू? ऐन वेळी रिक्षा शोध म्हणू?

त्रिशला आत गेली आणि देव्हाऱ्यापाशी ठेवलेली किल्ली घेऊन आली. "मले येते," म्हणाली.

"रेणू सोबत असते म्हणून येते."

"रेणू गणपतीपासूनच बाजूले बसून राह्यली. आता तं तीबी नाई येत. कामरगाव, मूर्तिजापूर, परवा अमरावतीच्या चौकातूनबी आणली. तुमीच नाई का सांगितलं, खांब आरशात आधी दिसते म्हणून?"

तिने डावा पाय पुढे करून दाखवला आणि म्हणाली, "याले काही काम नाई. मी पयलेच विचारून घेतलं होतं त्या पोरीले."

२६ ऑक्टोबर, रविवार. नागपूर

टीनाच्या घरी बसून लिहितो आहे. डिकी भरून सामान आणलं. मांजरपाटाचा मधला कोरा भाग कापून त्रिशलाने बाळाची दुपटी शिवली आहेत, टायरचे काठ तेवढे घरी ठेवले.

समृद्धी महामार्गाने आलो. मी डाव्या सीटवर. ती पुढे बघून चालवत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. ट्रक आला की मी दचकत होतो. ती म्हणाली, "तुमी डोळे मिटा अन् णमोकार म्हणा." म्हटला. शहरात शिरल्यावर सिग्नलला गाडी बंद पडली नाही, मागे वरात नव्हती.

अपार्टमेंटच्या तळघरात तिने आरसा बघितला, एकदा पुढे, एकदा मागे, आणि गाडी खांबाच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये नेऊन बसवली. एका फेरीत. ती उतरली. माझं दार मात्र खांबामुळे उघडेना.

"थांबा," म्हणाली, "पुन्हा काढून लावते."

"नको," मी म्हटलं. "चांगली लागली हाय. मोडू नको."

मी तिच्या सीटवरून बाहेर पडायचं ठरवलं. गिअरच्या दांड्यावरून सरकलो. डावा पाय मागेच राहिला होता, तो दोन्ही हातांनी उचलून आणला. स्टिअरिंग हाताला लागलं, आणि मी क्षणभर तिथे बसलो. समोर भिंत होती. गाडी बंद होती, म्हणजे नियम काही मोडला नाही. खाली वाकून बघितलं. डावा पाय जाऊन बरोबर ब्रेकवर बसला होता.

तेवढ्यात लिफ्टपाशी टीना दिसली. एक हात कमरेवर, चाल जड. मला चालवायच्या सीटवर बघून तिचा चेहरा फुलला. "पप्पा! तुमी आणली ना एवढ्या दुरून?"

त्रिशला दाराशी उभी होती. तिने ते माझ्यावर सोडलं होतं.

"नाई," मी म्हणालो. "तुह्या आईनं आणली. हाक मारायची वेळ आली तं तिले मार."

मग पाय उचलला आणि उतरलो.